बुल्टाको शेर्पा टी : हलकी, पण दमदार

खेळ कोणता? मोटरसायकलींचा ट्रायल्स. इथे वेगाला किंमत नाही. खडक, ओढे आणि चिखलाच्या चढावरून पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, गाडी अडली की पाच. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजेता.

निर्माता : फ्रान्सिस्को झेवियर बुल्टो. मोन्टेसा कंपनीतील भागीदाराने शर्यतींतून माघार घ्यायचे ठरवल्यावर बुल्टो बाहेर पडले आणि १९५८ मध्ये बार्सिलोनाजवळ त्यांनी बुल्टाको ही मोटरसायकल कंपनी सुरू केली. ‘बुल्टो’ला त्यांचे टोपणनाव ‘पाको’ जोडून हे नाव झाले. टाकीवरच्या उंचावलेल्या अंगठ्याची खूण सुचली ती एका ब्रिटिश शर्यतपटूच्या इशाऱ्यावरून.

गाडी : १९६४ मध्ये उत्तर आयर्लंडचा चालक सॅमी मिलर याच्या साहाय्याने घडली. एक सिलिंडर, २४४ सीसी, टू-स्ट्रोक. वजन सुमारे ९० किलो. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. त्यामुळे भार कमी. शिवाय इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही भरपूर ओढ.

गाजली कशी? १९६५ मध्ये मिलरने याच गाडीवर स्कॉटलंडची सहा दिवसांची प्रतिष्ठेची स्पर्धा जिंकली. तिथे टू-स्ट्रोक गाडीचा हा पहिलाच विजय. मिलर स्वतः आधी ५०० सीसीची फोर-स्ट्रोक एरियल चालवत असे. अशा जड ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरले.

पुढे : १९७५ ते १९७९ अशी सलग पाच वर्षे ट्रायल्सचे जागतिक विजेतेपद बुल्टाकोच्याच चालकांकडे राहिले. मात्र संप आणि आर्थिक ओढाताणीने कंपनी खचली. १९८३ मध्ये कारखाना बंद झाला.