खोटें माप आणि आमोस

देवाच्या नांवानें बोलणारा म्हणजे भविष्य सांगणारा, अशी पुष्कळांची समजूत असते. यहुदी लोकांचा संदेष्टा आमोस याचें लहानसें पुस्तक वाचणारास मात्र भविष्य थोडें आणि फिर्यादच फार आढळते. ख्रिस्तपूर्व ७६० च्या सुमाराचा हा मनुष्य, बेथलेहेमच्या दक्षिणेस असलेल्या तकोवा गांवचा. मेंढरें राखावीं, रानउंबरांची निगा ठेवावी, हा त्याचा धंदा. त्या काळीं दक्षिणेस यहूदा व उत्तरेस इस्राएल अशीं दोन राज्यें होतीं. आमोस दक्षिणेचा, पण तो बोलला उत्तरेंत जाऊन. तेथें दुसरा यराबाम राज्य करीत होता. सरहद्द वाढली होती, व्यापारास बरकत होती.

फिर्यादीचा आरंभ तो शेजाऱ्यांपासून करितो. दमास्कस, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, एकेकाचे अत्याचार तो मोजून दाखवितो. श्रोते माना डोलवीत असले पाहिजेत! मग त्याचा स्वतःचा यहूदा, आणि शेवटीं श्रोत्यांचीच पाळी. स्वराष्ट्राचा अभिमान आम्हांसही आहे, व परक्यांचे दोष ऐकतांना आमचीही मान डोलते, हें आम्ही कबूल करितों. अशा सभेस हा मेंढपाळ सांगतो कीं, देवानें तुम्हांस मिसरांतून आणिलें तसेंच पलिष्ट्यांस व अरामी लोकांसही त्यांच्या ठिकाणांहून आणिलें. देवानें निवडलेलें राष्ट्र म्हणून सूट तर नाहींच, उलट झडती अधिक कडक.

पुढील कलम आमच्या व्यापारी वाचकांनीं नीट पाहावें. धान्य मोजण्याचें माप तें एफा, व गिऱ्हाइकाची चांदी तोलण्याचें वजन तें शेकेल. तेथील वाणी एफा लहान करी व शेकेल जड करी. म्हणजे दाणा कमी आणि चांदी जास्त. दांडी मारणें तें निराळेंच, व गव्हांत खळ्यावरची झाडण मिसळलेली. हाच गृहस्थ शब्बाथाच्या दिवशीं दुकान बंद ठेवी, आणि दिवस मावळतो केव्हां व कोठार उघडतों केव्हां, याकडे त्याचें सारें लक्ष! (आमच्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक ज्या दिवशीं तेलाचा घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले, तोच हा शब्बाथ.) श्रीमंतांच्या हस्तिदंती पलंगांवरही आमोसानें कोरडे ओढले आहेत. ती अतिशयोक्ति नव्हती. १९३१ ते १९३५ पर्यंत शोमरोन या जुन्या राजधानीच्या जागीं झालेल्या उत्खननांत कोरीव हस्तिदंताचे शेंकडों तुकडे निघाले.

नाडलेला गरीब पायतणाच्या एका जोडीसाठीं विकला जाई. दाद मागावी तर वेशींत न्यायास बसणारे लांच खाऊन बसलेले. आम्ही वकिली केली असल्यानें येथें थोडें अधिक थांबतों. गरिबाचें पांघरूण गहाण घेतल्यास सूर्यास्तापूर्वीं परत द्यावें, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा. कारण रात्रीं थंडींत त्यास दुसरें कांहीं नसतें. तींच पांघरुणें अंथरून लोक वेदीशेजारीं लोळतात, असें आमोस म्हणतो. १९६० सालीं भूमध्य समुद्राच्या कांठच्या एका जुन्या किल्ल्यांत, आमोसानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं लिहिलेलें खापर सांपडलें. त्यावर कापणी करणाऱ्या एका मजुराचा अर्ज आहे. नेमलेलें काम पुरें केलें असतां आपलें वस्त्र काढून नेलें, सोबतचे गडी साक्षीस आहेत, तें परत देववावें, एवढीच मागणी. निकाल काय झाला तें खापरावर नाहीं.

बेथेल येथील राजमंदिराचा याजक अमस्या यानें आमोस राजाविरुद्ध कट करितो अशी वर्दी दिली, व त्यास बजावलें कीं यहूदांत जा आणि तेथें पोट भर. राजद्रोहाचें कलम किती जुनें आहे, पाहा! आमोसानें उत्तर दिलें कीं, संदेष्टेपणा हा आपला धंदा नव्हे व बापाचाही नव्हता. देवानें मेंढरांमागून उचलून पाठविलें म्हणून आलों. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरी फौजांनीं शोमरोन घेतलें. तेथून धरून नेलेल्या लोकांचा आंकडा सर्गोन राजानें आपल्या लेखांत २७,००० हून अधिक दिला आहे.