न दिसणारे दिव्यांगत्व : अंबडच्या वस्तीतून



अंक तयार होऊ लागला की संपादक फोटो मागतात. चाकाची खुर्ची मिळालेली मुलगी, जयपूर फूट बसवलेले शेतकरी काका, पांढरी काठी हातात घेतलेले आजोबा. असे फोटो छापले की आपल्या दानाचे काय झाले ते वाचकांना एका नजरेत कळते. त्यात गैर काहीच नाही. पण अलीकडे अंबड परिसरात ज्यांच्यासाठी माझा बराच वेळ जातो, त्यांचा फोटो काढला तर त्यात काहीच दिसणार नाही. दोन हात, दोन पाय, नीट डोळे, चारचौघांसारखा चेहरा. या वेळी त्यांच्याविषयी लिहिते.

आपल्या मिशनांना दिसणारे दुःख ओळखण्याची सवय जुनी आहे. वेल्स्ली बेली यांनी १८७४ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी मिशन सुरू केले, त्याचे काम आजही भारतात चालू आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींची सोय केली. ज्याच्याकडे पाहून लोक तोंड फिरवत, त्याला जवळ घेणे ही आपल्या पूर्वजांची साक्ष होती. ज्याच्याकडे पाहून कोणाला काहीच कळत नाही, त्याच्या बाबतीत मात्र आपल्याला अजून शिकायचे आहे.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्या २१ मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आहेत, मानसिक आजार आहे, स्वमग्नता आहे, मुलाला वाचता-लिहिता येण्यातली विशिष्ट अडचण आहे. यांतले बरेचसे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, पण ती मोजणी या कायद्याच्या आधीची. रक्ताच्या आजाराचा रकानाच त्या वेळी नव्हता.

आता अंबडकडे येते. औद्योगिक वसाहत, तिच्या कडेने चुंचाळे, दत्तनगर, घरकुलाच्या इमारती, भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबककडची कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे इथे कामाला येतात. धुळे-नंदुरबारकडची भिल्ल कुटुंबेही आहेत. कोणी ठेकेदाराकडे कंपनीत, कोणी बांधकामावर, कोणी हंगामात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला. इथे माणसाची किंमत हजेरीवर ठरते. महिन्यात चार खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस बघतो. ज्याचे शरीर आज चालते आणि उद्या अचानक चालत नाही, त्याचे इथे सर्वांत जास्त हाल होतात.

सिकलसेलचा रुग्ण नेमका असाच असतो. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात हिमोग्लोबिनमध्ये जन्मतःच एक बारीक बदल असतो, त्यामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी, अंगात त्राण नाही, डोळे पिवळट. डोळे पिवळे दिसले की घरचे कावीळ समजून झाडपाल्याचे औषध देतात आणि खरा आजार तसाच राहतो. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, पाठीत, छातीत कळा सुरू होतात. त्या कळा काही तास टिकतात, कधी आठवडाभर. सूज नसेल, जखम नसेल, ताप असेलच असेही नाही. चार दिवसांनी तोच मुलगा उठून हसत-खेळत फिरतो. मग शेजारी म्हणतात, "कामाच्या वेळीच बरा दुखतो याला." एका आईने मला सांगितले, "ताई, पोराचा पाय मोडला असता तर बरं झालं असतं, लोकांनी विश्वास तरी ठेवला असता."

हा आजार आदिवासी भागांत जास्त का, असे मंडळीत कोणी ना कोणी विचारतेच. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक होते. वाहक निरोगी असतो, त्याला औषध लागत नाही, उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाहक टिकले ते यामुळे. महाराष्ट्रात नंदुरबारच्या भिल्ल-पावरा आणि गडचिरोलीच्या माडिया-गोंड समाजांत वाहकांचे प्रमाण बरेच आहे. यात कोणाचे पाप नाही, कोणाचा शाप नाही आणि हा संसर्गही नाही.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन. दोघांतला एकच वाहक असेल तर मूल रुग्ण होत नाही. म्हणून मंडळीत लग्नाची घोषणा होण्याआधी, खरे तर साखरपुड्याच्याही आधी, दोघांची तपासणी व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते. त्यात काही आढळले तर इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने रुग्ण की वाहक ते नक्की होते. सरकारी आरोग्य यंत्रणेत हे मोफत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे आणि त्यात महाराष्ट्र आहे. मात्र वाहक निघाली म्हणून मुलीला नाकारायचे आणि वाहक मुलाचे लग्न गुपचूप लावून द्यायचे, असा न्याय आपल्या घरांत चालू देऊ नका. दोघांना शेजारी बसवून समजावून सांगणे हे पाळकांचे काम आहे.

दुसरा प्रकार जन्मजात नाही, तो अंबडमध्येच तयार होतो. पॉवर प्रेसच्या शेडमध्ये दिवसभर पत्रा ठोकला जातो. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केले की कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे, आणि शब्दांतली स, श, त, क ही व्यंजने. माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाही. त्याला स्वतःलाही आपण बहिरे होत चाललो हे उशिरा कळते. बायकोला वाटते मुद्दाम दुर्लक्ष करतो. सुपरवायझरला वाटते माजला आहे. कोकणा किंवा भिलोरी बोलणारा असेल तर त्याला मराठीच कळत नाही असे लोक धरून चालतात. उपासनेत तो मागच्या बाकावर बसतो आणि संदेशाच्या वेळी खाली बघतो, मग त्याच्या आत्मिक जीवनाची चर्चा होते!

आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार आहे, कर्मचारी राज्य विम्यातही तो मान्य आहे. पण ठेक्यावरच्या कामगाराकडे विम्याचा क्रमांक तरी आहे का, हे आधी पाहावे लागते. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर तो क्रमांक मागून घ्या, श्रवणचाचणी करून घ्या, आणि कानात घालायचे प्लग आजपासूनच वापरा. गेलेले परत येत नाही, पण राहिलेले टिकते.

फेफऱ्याबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. या आजाराचे नाव त्या २१ मध्ये स्वतंत्रपणे नाही, पण वस्तीत माणूस सर्वांत जास्त लपवतो तो हाच. झटका आला की कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाला लावतो. हे आपण अंधश्रद्धा म्हणून सोडून दिले आहे. पण काही प्रार्थनागटांत त्याच झटक्याला दुष्टात्मा ठरवून गोळ्या बंद करायला सांगतात, तेही तितकेच घातक आहे. गोळ्या अचानक थांबवल्या तर न थांबणारे झटके येऊन जीव जाऊ शकतो. नियमित औषधाने दहापैकी सुमारे सात जणांचे झटके थांबू शकतात. प्रार्थना करा, हात ठेवून करा. आणि प्रार्थना झाल्यावर गोळी घेतली का ते विचारा. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी द्राक्षारसाचा उपाय सांगितला, विश्वास कमी पडतो असे म्हटले नाही. स्वतः पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि तो काटा राहिला. आंधळ्या माणसाकडे पाहून पाप कोणाचे असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडीत काढला.

रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीची गोष्ट मला या कामात वारंवार आठवते. बारा वर्षांचा आजार, वैद्यांवर सगळा पैसा गेलेला, आणि गर्दीत कोणाला तिच्याकडे पाहून काही कळले नाही. प्रभू थांबला. याईराच्या घरी जायची घाई असताना थांबला आणि तिने सगळे सांगेपर्यंत ऐकून घेतले. तिच्याकडे पुरावा मागितला नाही. आपण न पाहिलेल्या देवावर विश्वास ठेवणारे लोक आहोत, तर शेजाऱ्याच्या न दिसणाऱ्या वेदनेवर विश्वास ठेवणे आपल्याला जड जाऊ नये.

मंडळीच्या रोजच्या रीतींतही काही बदल करता येतील. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, तहान आणि अतिश्रम यांनी कळा सुरू होतात. नाशिकच्या डिसेंबरात रात्रभर कॅरल गात फिरणाऱ्या तरुण संघाबरोबर एखादा मुलगा येत नसेल तर त्याला कोमट म्हणू नका, त्याला घरात बसून पेटी वाजवू द्या. पाणीही न घेता केलेला उपास त्याच्यासाठी धोक्याचा आहे, त्याने तो करू नये असे पाळकांनीच सांगावे, म्हणजे त्याला अपराधी वाटणार नाही. बाप्तिस्मा थंडीत नदीच्या पाण्यात देण्याऐवजी उन्हाळ्यात किंवा कोमट पाण्यात देता येतो. कळ आली तर शेक द्यावा, बर्फ लावू नये, भरपूर पाणी पाजावे. ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने अनेकांच्या कळा कमी होतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. ऐकू कमी येणाऱ्याला पुढचा बाक द्या आणि त्याच्याकडे तोंड करून बोला. आणि कोणाचा आजार प्रार्थनेच्या विनंत्यांत नावासह जाहीर करू नका, त्याने सांगितल्याशिवाय.

कागदांबद्दल एवढेच सांगते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड सिकलसेलच्या रुग्णाला मिळू शकते, वाहकाला नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरले तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार नाहीत, म्हणून कोणी एजंट नोकरीचे आमिष दाखवत असेल तर पैसे देऊ नका. दहावी-बारावीला अशा मुलांना दर तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो आणि एसटीत सिकलसेलच्या रुग्णाला प्रवास सवलत आहे. शाळेला आणि आगारात हे आधी सांगावे लागते.

आपल्या दानाचा उपयोग इथे अगदी साध्या गोष्टींत होतो. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात दोन-तीन खेपा होतात, प्रत्येक खेपेला रुग्णाची आणि बरोबरच्या माणसाची अशा दोन हजेऱ्या बुडतात. त्या दोन हजेऱ्या, रिक्षाभाडे आणि दुपारचे जेवण भरून दिले की माणूस तिसऱ्या खेपेलाही येतो. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी एक दिवस द्यावा. खिडकीपुढच्या रांगेत उभे राहायला, अर्ज वाचून दाखवायला, आणि रुग्णाला बाकावर बसवून त्याची जागा धरायला आम्हाला माणसे हवी आहेत.