रेल्वेच्या कडेची जुनी तलचिन्हे

गाडीची वाट पाहत फलाटावर उभे असताना टोकाच्या पिवळ्या पाटीकडे आपण सगळेच पाहतो. गावाचे नाव ठळक अक्षरांत, आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची इतके इतके मीटर. नाव वाचले की आपली नजर पुढे जाते. पण समुद्र इथून शंभर कोस लांब, मग ही उंची मोजली कोणी आणि कशी, असे एखाद्या चौकस मुलाने गुरुजींना विचारले तर काय सांगावे? त्या उत्तराचा माग काढत गेले, की आपण स्टेशनच्या जोत्यावर, फाटकाजवळच्या मोरीवर किंवा जुन्या पुलाच्या कठड्यावर कोरलेल्या एका लहानशा चौकोनापाशी येतो. त्याला तलचिन्ह म्हणतात. ओव्हरसियर मंडळींच्या तोंडी मात्र ‘बेंचमार्क’ हाच शब्द.

सुरुवात समुद्रापासूनच करावी लागते. समुद्र काही एका जागी थांबत नाही. भरतीला चढतो, ओहोटीला उतरतो. म्हणून बंदरात एक यंत्र बसवून पाण्याची पातळी वर्षानुवर्षे टिपायची आणि तिची सरासरी काढायची. मुंबईला अपोलो बंदरावर अशी नोंद १८७८ पासून होत आली. ही सरासरी म्हणजे आपले शून्य. तिथून उंची हातोहात देशात आत न्यायची. हे काम हिंदुस्थानात १८५८ साली सुरू झाले, ते कराचीच्या बाजूने. पुढे १९०९ साली नऊ बंदरांची सरासरी धरून साऱ्या देशाचे जाळे एकत्र जुळवले गेले. त्या नऊ बंदरांत मुंबई होती आणि कारवारही.

आता हातोहात म्हणजे कसे, ते पाहा. दुर्बीण तिकाटण्यावर अगदी आडव्या पातळीत लावायची. मागे पन्नास मीटरांवर एक माणूस आकड्यांचा दांडा उभा धरतो, पुढे तितक्याच अंतरावर दुसरा. समजा, मागच्या दांड्यावर १.८४२ मीटर दिसले आणि पुढच्यावर १.२०५. म्हणजे पुढची जागा ०.६३७ मीटरने उंच. मागची उंची ठाऊक असली की पुढची मिळाली. मग दुर्बीण उचलायची आणि पुढे जायचे. दोन्ही दांडे सारख्याच अंतरावर ठेवण्यात एक युक्ती आहे. दुर्बिणीत थोडा कलता दोष असला किंवा पृथ्वीच्या गोलाईमुळे फरक पडला, तरी तो दोन्ही बाजूंना सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. एवढे करूनही तीच वाट उलट दिशेने पुन्हा मोजतात.

या कामाला रेल्वेची कड फार सोयीची. मैदानी मुलखात रुळांचा चढ शंभराला एक किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणजे पन्नास मीटरांत जास्तीत जास्त अर्धा मीटर. तेच गाडीवाटेच्या दहाला एक चढावर पन्नास मीटरांत जमीन पाच मीटर वर जाते आणि दुर्बिणीची नजर थेट मातीत घुसते; मग दहा-दहा पावलांवर थांबावे लागते. बोरघाटात रेल्वेचा सर्वांत उभा चढ सदतिसाला एक आहे, तोही या हिशेबाने सौम्यच म्हणायचा. शिवाय रेल्वेचे बांधकाम भक्कम दगडी, आणि सामानसुमान न्यायला गाडी हाताशी. रेल्वेला स्वतःलाही उंचीची गरज होतीच.

चिन्ह दिसते कसे? सपाट दगडावर तळहातापेक्षा लहान चौकोन, बहुधा मध्ये ठिपका, आणि वर-खाली इंग्रजी अक्षरे जी. टी. एस. आणि बी. एम. पहिली तीन ‘ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे’ची. ती मोजणी विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केली. तो १८२३ साली वारला तो आपल्या हिंगणघाटला, आणि त्याची कबरही तिथेच आहे. हिंगणघाटच्या शिक्षकांनी तरी मुलांना ती एकदा दाखवावी. चिन्हांतले मोठे थोरले पाहायचे असेल तर नागपूरला ‘झीरो माईल’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या ठिकाणी जा. तिथे लोक देशाचा मध्यबिंदू पाहायला येतात, पण जवळच्या शिळेवर १९०७ साल आणि समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट अशी उंची कोरली आहे, ती सहसा कोणी वाचत नाही. फुटाचा हजारावा भाग दगडावर कोरणाऱ्यांचा स्वतःच्या कामावर केवढा विश्वास असेल!

शोधताना घोटाळा होतो तो इतर खुणांशी. रुळाकाठचा किलोमीटरचा दगड, चढ-उतार दाखवणारी आडवी पट्टी, पुलाच्या खांबावर रंगवलेली पुराची रेघ, शेताच्या हद्दीचा दगड, यांपैकी कोणतेच हे चिन्ह नव्हे. स्टेशनची पिवळी पाटीसुद्धा नव्हे; तिच्यावरचा आकडा माहितीपुरता, आणि पाटी हलवताही येते. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांची व रेल्वेची स्वतःची चिन्हेही वेगळी असतात. ती टाकाऊ नव्हेत, पण त्यांची नोंद त्या त्या खात्याकडे पाहावी लागते.

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर ‘बी. एम.’ ही अक्षरे आणि शेजारी आकडा असेल, तिथे चिन्ह असायला हवे असे समजा. नकाशाला क्रमांक असतो. पुणे ४७ एफमध्ये, मिरज ४७ एलमध्ये. जुन्या तलेक्षण-पुस्तिकांत प्रत्येक चिन्हाचे वर्णनही सापडते. अमुक स्टेशनपासून इतके मैल, मोरीच्या कोणत्या कठड्यावर, अशा थाटाचे. ते मैल रस्त्याचे की रुळांचे, हे आधी पाहावे. मग जागेवर चुन्याचा थर, शेवाळ, कधी शेंदूर. छिन्नी मुळीच लावू नका. ओले फडके आणि सकाळचे तिरपे ऊन एवढे पुरते. तिरप्या उन्हात बुजलेली कोरीव रेघही सावली टाकते.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. कृष्णाकाठच्या माणसाने तरी म्हणू नये. सांगलीला आयर्विन पुलाशी पाणी ४५ फुटांवर गेले की धोका, हे लहान पोरालाही पाठ आहे. पण हे फूट त्या पुलावरच्या पट्टीचे. अलमट्टीच्या धरणाची ५१९.६० मीटर पातळी मोजली जाते ती समुद्रापासून. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर अलमट्टीच्या फुगवट्याबद्दल केवढा वाद झाला! कोणाचे खरे, ते इथे ठरवायचे नाही. पण ठरवणाऱ्याला आधी पट्टीचा शून्य समुद्रसपाटीशी जोडावा लागतो आणि हा सांधा तलचिन्हांनीच जुळतो. आपल्या गावच्या देवळाच्या कोणत्या पायरीला पाणी लागले होते, हेही त्याच मापात सांगता आले, तर पुढच्या खेपेला घरे कोठवर रिकामी करायची ते आधी कळेल.

जुने चिन्ह आणखी एका कामाचे. ते पूर्वीची उंची सांगते. १९०५ च्या कांगडा भूकंपानंतर डेहराडूनच्या बाजूची जुनी चिन्हे पुन्हा मोजली, तेव्हा काही इंचांचा फरक आढळला आणि त्या फरकावर शास्त्रज्ञ पुढे शंभर वर्षे काथ्याकूट करत राहिले. पहिले चिन्हच उखडले असते तर काथ्याकुटालाही जागा नव्हती.

आणि उखडण्याचे प्रमाण मोठे आहे. अरुंद रुळांचे मार्ग रुंद होतात, एकेरीचे दुहेरी होतात, फलाट उंच केले जातात, फाटकाच्या जागी पूल येतो. हे सारे हवेच. प्रगतीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र मोरी पाडण्याआधी चौकोन कोणी पाहत नाही, ही हळहळ.

‘मोबाइल उंची सांगतो की,’ असे विद्यार्थी म्हणतील. सांगतो, पण त्यात कित्येक मीटरांची चूक असू शकते. उपग्रहाची मूळ उंची समुद्रापासून नसून पृथ्वीच्या एका काल्पनिक गुळगुळीत गोलापासूनची असते. मुंबईजवळ त्या दोहोंत साठ मीटरहून अधिक अंतर पडते! तो फरक नेमका बसवायला पुन्हा जमिनीवरची तलचिन्हेच लागतात. सर्वेक्षण खात्याने आता २००९ च्या नावाचा नवा आधार ठरवला आहे; तेव्हा उंची लिहिताना ती जुन्या आधाराची की नव्या, हेही लिहावे.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना रुळांच्या कडेने फिरवू नका. ते जिवाला धोक्याचे आहे आणि परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हाही आहे. स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन स्टेशनची इमारत पाहावी, नाहीतर जवळच्या रस्त्यावरची मोरी. चिन्ह सापडले, तर गवंड्यांकडची पाण्याची नळी मागून आणा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. टप्प्याटप्प्याने शाळेच्या पायरीपर्यंत उंची आणा आणि त्याच वाटेने उलट मोजत परत जा. निघालो तेव्हाचा आकडा आणि परतल्यावरचा यांत बोटभर फरक आला, तर काम पुन्हा करा. चिन्हाचे छायाचित्र, जवळच्या दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरे आणि तारीख वहीत लिहून ठेवा, आणि एक प्रत सर्वेक्षण खात्याच्या पुण्याच्या कार्यालयाला पाठवा. चिन्ह सापडले नाही, तरी तेही कळवा. कुठले गेले, हे कळणेही त्यांना हवेच असते.