आवाज येतोय, पण गिअरबॉक्स उघडू नका

पंधरा-वीस वर्षांची पोर्शे कायेन किंवा बीएमडब्ल्यू एक्स-५ आज साध्या नव्या हॅचबॅकच्या पैशांत मिळून जाते. इंजिन दमदार असतं, आतली सजावटही टिकलेली असते. मग एक दिवस सिग्नलवरून निघताना बुडाखालून धडधड ऐकू येते आणि गॅरेजमध्ये निदान होतं, ‘साहेब, गिअरबॉक्स गेला.’ हे निदान लाखांत जातं आणि बऱ्याचदा चुकीचं असतं. इंजिनापासून चाकापर्यंत ताकद नेणारे कितीतरी भाग गिअरबॉक्सच्या पुढे असतात, गिअरबॉक्सपेक्षा स्वस्त असतात आणि त्याच्या आधी झिजतात. म्हणून काहीही खोलण्याआधी त्यांची तपासणी व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

ताकदीचा रस्ता

या गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. तिच्यातून एक लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे जातो आणि दुसरा, आखूड, पुढच्याकडे. डिफरन्शियलपासून प्रत्येक चाकापर्यंत एक्सल असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट. २००२ साली आलेल्या पहिल्या कायेनमध्ये एरवी ३८ टक्के ताकद पुढे आणि ६२ टक्के मागे जाते. याचा अर्थ मागचा लांब शाफ्ट सतत राबत असतो.

आधी वही, मग पाना

मेकॅनिककडे जाण्याआधी मालकाने चार गोष्टी लिहून काढाव्यात. आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो की इंजिनच्या फेऱ्यांबरोबर? अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येतो की सोडल्यावर? वळताना वाढतो का? ‘डी’मधून ‘आर’मध्ये टाकताना ठक्क होतं का?

गाडी उभी असताना ‘पार्क’मध्ये रेस दिली आणि तोच आवाज आला, तर शाफ्ट, एक्सल आणि चाकं संशयातून सुटली. तिथे इंजिन, बेल्ट, पुली यांच्याकडे पाहायचं. वेग तोच ठेवून पाय उचलताच आवाज गेला, तर ताकद ओढताना ज्यावर ताण येतो असा भाग दोषी. पाय उचलूनही तो तसाच राहिला, तर टायर किंवा चाकाचं बेअरिंग.

आवाजाची लयही ऐकावी. ताशी ६० किलोमीटरला अशा गाडीचं चाक सेकंदाला साधारण ७ फेरे घेतं. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साडेतीन-चार पट फिरतो, म्हणजे सेकंदाला २५ हून जास्त. म्हणून चाकाचा दोष मोजता येईल अशा सावकाश ठेक्यात जाणवतो, तर शाफ्टचा दोष बारीक, भरभर थरथरीसारखा. तक्रार सांगताना हा फरक सांगितला तर मेकॅनिकचं अर्धं काम वाचतं.

कायेनची धडधड

पहिल्या पिढीच्या कायेनमध्ये आणि तिच्याच पायावर बांधलेल्या फोक्सवॅगन टुआरेगमध्ये मागच्या शाफ्टच्या आधाराचा आजार इतका सर्रास आहे की तपासणी इथूनच सुरू करावी. मागचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे आणि त्याला मधोमध एका बेअरिंगचा, म्हणजे सेंटर बेअरिंगचा, आधार दिलेला आहे. हे बेअरिंग रबराच्या पडद्यात बसवलेलं असतं आणि त्याची पोलादी कडी गाडीच्या तळाला बोल्टने आवळलेली असते. बेअरिंग सहसा शाबूत राहतं, रबर मात्र वयाने कडक होऊन फाटतं. मग ताकद येताच शाफ्ट जागेवरून उसळतो आणि कडीवर आपटत राहतो. कमी वेगात जरा जोराने निघालं की पुढच्या सीटच्या मधोमध, जमिनीखाली धडधड ऐकू येते. पाय हलका केला की ती थांबते. आवाज येतो ती जागा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या लगतची, म्हणून आळही त्यांच्यावरच येतो.

तपासणी सोपी आहे. गाडी लिफ्टवर, इंजिन बंद, सायलेन्सर पूर्ण थंड. उष्णतारोधक पत्रा आड येत असेल तर सैल करून बेअरिंगच्या जवळ शाफ्ट हाताने वर दाबायचा. चांगलं रबर विरोध करतं. फाटलेलं असेल तर शाफ्ट कडीत मोकळा वरखाली होतो आणि बॅटरीच्या उजेडात चीरही दिसते.

दुरुस्तीचे मार्ग वेगवेगळे आहेत. कंपनीच्या पद्धतीने अख्खा शाफ्ट बदलतात, तो महाग पडतो. बाहेरच्या उत्पादकांचं नुसतं बेअरिंगही मिळतं, पण ते बसवायला शाफ्ट उतरवून त्याचे दोन तुकडे वेगळे करावे लागतात. त्याआधी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर रंगाची आडवी खूण करून घेणं अत्यावश्यक आहे. जुळणी एका खाचेने जरी चुकली तरी शाफ्टचा तोल जातो आणि धडधडीच्या जागी कायमची थरथर मागे लागते. शाफ्ट न उतरवता बसणारा दोन अर्ध्या भागांचा आधारही बाजारात आहे. जुन्या गाडीला मी तोच सुचवेन, फक्त मूळ बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखरत नसावं. फाटलेल्या रबराच्या जागी कूलंटच्या जाड नळीचे तुकडे कोंबून पट्ट्यांनी बांधायची एक युक्ती आहे. घरी पोहोचायला ती उपयोगी पडते, पण तशी बांधलेली गाडी दुसऱ्याला विकणं ही फसवणूक आहे.

एक्स-५चा पुढचा शाफ्ट

पहिल्या एक्स-५मध्ये २००३च्या सुमारास एक्सड्राइव्ह ही चारही चाकांना ताकद देणारी प्रणाली आली. त्या गाड्यांत पुढच्या आखूड शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये अडकणारे दाते, झिजतात. ग्रीस सुकतं, गंज धरतो, आणि एक दिवस अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर कर्कश करकर ऐकू येते. दाते घसरू लागले की पुढच्या चाकांना ताकदच पोहोचत नाही. शाफ्ट बदलताना ट्रान्सफर केसच्या बाजूचे दातेही पाहावेत. ते झिजलेले असतील तर नवा शाफ्टही लवकर खराब होईल.

बाकीचे आवाज

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट होत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्यावरचं आवरण, म्हणजे बूट, फाटलं असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. आपल्याकडे पावसाळ्यात अशा चिरेतून चिखलपाणी शिरतं आणि जॉइंट झपाट्याने संपतो. तेव्हा जूनच्या आधी चारही बाजूंचे बूट पाहून घ्यावेत.

वेगाबरोबर चढत जाणारा बारीक सूर पाय दाबता-सोडताना बदलत असेल, तर डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनकडे पाहावं. सलग घुमणारा आवाज सरळ रस्त्यावरून हलकंच उजवीकडे वळताना वाढला, तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग, कारण त्या वेळी भार डावीकडे जातो.

टायर हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात. रस्ता गुळगुळीत होताच आवाज बदलला, तर टायरचा संशय घ्यावा. पुढचे-मागचे टायर अदलाबदल केल्यावर आवाजाची जागाही बदलली, तर खात्री झाली. दोन नवे आणि दोन झिजलेले टायर या गाड्यांना अजिबात घालू नयेत. घेर वेगळा असला की ट्रान्सफर केसमधल्या क्लच प्लेट विनाकारण घासत, तापत राहतात आणि पार्किंगच्या वळणावर गाडी अडखळते.

तेल

तेल आयुष्यभर पुरतं, या समजुतीवर चालणाऱ्या गाड्यांचीच ट्रान्सफर केस लवकर बिघडते. तेल बदलताना नंतर धावपळ नको म्हणून एक नियम पाळा: आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच खालचा सोडा. उलट केलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी तेलाविना लिफ्टवर अडकते. खालच्या बोल्टला चुंबक असेल आणि त्यावर राखाडी, मऊ लेप दिसला तर घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचणारे धातूचे कण निघाले, तर मात्र केस उघडावीच लागेल. तेल त्याच मॉडेलला नेमून दिलेलं हवं, ‘चालतं सगळं’ म्हणून दिलेलं नको.

लिफ्टवरची खबरदारी

गाडी उचलून गिअरमध्ये चालवून ऐकायची असेल, तर चारही चाकं जमिनीपासून सुटलेली असावीत. दोनच उचलली तर उरलेली चाकं गाडीला जॅकवरून पुढे ढकलू शकतात. शिवाय चाकं लोंबकळत असताना एक्सलचे कोन वाढतात आणि चांगले सीव्ही जॉइंटही आवाज करतात. तो आवाज धरून भाग बदलू नयेत. फिरणाऱ्या शाफ्टजवळ सैल बाही, ओढणी, हातमोजे नकोत.

सेंटर बेअरिंगचं रबर पूर्ण तुटून शाफ्ट तळाला ठोकर देऊ लागला असेल, तर गाडी महामार्गावर नेऊ नका. तिला फ्लॅटबेडवर चढवून न्या. दोन चाकं जमिनीवर फरफटत ओढून नेली, तर ट्रान्सफर केसलाही इजा होते.