कार्प मत्स्यबीज निर्मितीत प्रजनक माशांच्या वयाचे महत्त्व

प्रस्तावना :

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा परिसरासारख्या हळद व केळी पिकविणाऱ्या भागात शेततळ्यातील मत्स्यपालन हा चांगला पूरक व्यवसाय ठरू शकतो. परंतु कटला, रोहू व मृगळ हे मासे नदीच्या पुरात अंडी देतात, साठलेल्या पाण्यात देत नाहीत. त्यामुळे शेततळ्याचा मालक सर्वस्वी मत्स्यबीज केंद्रावर अवलंबून असतो. तो बीजाचा दर विचारतो, नग मोजून घेतो. मात्र हे बीज कोणत्या वयाच्या नर-मादीपासून मिळाले, हे सहसा विचारीत नाही. पावसाच्या पाण्यावर भरलेल्या तळ्यात सोडलेले बीज दुर्बळ निघाल्यास ते लक्षात येईपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो.

वय व अंड्यांची प्रत :

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्पचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. पुढे तयार संप्रेरके आली, चिनी पद्धतीच्या वर्तुळाकार हॅचरी आल्या. तथापि इंजेक्शन अंडी निर्माण करीत नाही. अंडाशयात वाढलेली अंडी पक्व होऊन मोकळी होण्यास ते चालना देते. त्या अंड्यांत पोषण किती साठले आहे, हे मादीचे वय आणि आधीच्या अनेक महिन्यांचा आहार ठरवितात.

रोहू व मृगळ साधारणतः दुसऱ्या वर्षी, तर कटला तिसऱ्या वर्षी पक्व होतो. पक्व होणे म्हणजे उत्तम प्रजनक होणे नव्हे. प्रथमच अंडी देणाऱ्या मादीची अंडी संख्येने कमी व आकाराने लहान असतात. लहान अंड्यात पीतक कमी असते. अंड्यातून बाहेर पडलेले जिरे सुमारे तीन दिवस या पीतकावरच जगते. शिदोरीच तोकडी असल्यास मरतूक वाढते. तीन-चार वर्षांच्या, निरोगी माद्या सर्वसाधारणपणे अधिक भरवशाच्या ठरतात. फार वयस्क मादीच्या पोटात चरबी साठते, अंडी अर्धवट सुटतात आणि फलनाचे प्रमाण घटते. मोठ्या मादीच्या एकूण अंड्यांचा आकडा मात्र मोठा दिसतो आणि तेथेच फसगत होते. मोजावयाचे ते फलन आणि जगलेले जिरे.

युरोपीय ग्रंथांतील वयाचे आकडे येथे जसेच्या तसे लागू करणेही चुकीचे आहे. थंड पाण्यात सायप्रिनसला पक्व होण्यास तीन-चार वर्षे लागतात. आपल्या उष्ण पाण्यात तो वर्षाच्या आतही पक्व होतो.

नोंदीचा प्रश्न :

माशाच्या आकारावरून वय ठरविणे धोक्याचे आहे. दाटीने वाढलेला तीन वर्षांचा रोहू दीड वर्षाच्या माशाएवढाच दिसू शकतो. त्यातच मोठे मासे बाजारात विकून उरलेले लहान मासे प्रजनक म्हणून राखल्यास मंद वाढीचीच निवड होते. घरच्याच बीजातून पुढचे प्रजनक घेत राहिल्यास अंतःप्रजननाची भर पडते. वर्षवार स्वतंत्र तळी, पराला छाट देऊन केलेली खूण आणि एक साधी नोंदवही एवढी व्यवस्था लहान केंद्रालाही परवडणारी आहे. डोंगरकड्याच्या शेतकऱ्याने बीज घेताना हीच वही पाहावयास मागावी.