बिनतारी जाळ्यातील नियंत्रकांची बदली: एक भाषांतरविचार

हस्तलिखितांच्या छायाप्रती, कोश आणि जुन्या नियतकालिकांचे अंक आता वाय-फायवरून वाचावयास मिळतात. विद्यापीठाचे बिनतारी जाळे त्यामुळे साहित्याच्या अभ्यासकाच्याही आस्थेची बाब झाले आहे. या जाळ्याचे नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर, बदलताना काय घडते आणि ते काम केवळ यंत्रांची अदलाबदल का नव्हे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोठ्या परिसरात छताला लावलेले शेकडो ॲक्सेस पॉइंट असतात. त्यांनी कसे वागावे हे कंट्रोलर ठरवतो. या संभाषणाची कॅपवॅप नावाची संकेतप्रणाली २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. एक यंत्र बंद पडले असता सारे जाळे कोसळू नये, म्हणून अनेक कंट्रोलर ठेवतात. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटमध्ये पहिला, दुसरा व तिसरा अशी कंट्रोलरांची नावे नोंदवता येतात. पहिला नाहीसा झाला, की तो दुसऱ्याकडे जातो. कंट्रोलरही परस्परांना ओळखतात. वाचक ग्रंथालयातून वसतिगृहाकडे चालत गेला, तर त्याची ओळख एकाकडून दुसऱ्याकडे कळवली जाते आणि वाचनात खंड पडत नाही.

अशा गटातील एक कंट्रोलर काढून त्याच जातीचा दुसरा बसवणे हे वस्तुतः प्रतिलिपीचे काम होय. जुन्याची मांडणी नव्यात उतरवता येते. तथापि प्रत करणाऱ्याच्या हातून होणारे दोष येथेही संभवतात. प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता निराळा असल्याने गटातील उरलेल्या सर्वांच्या यादीत जुन्या नोंदीच्या जागी नवी घालावी लागते. गटाच्या नावात लहान व मोठ्या रोमन अक्षरांचा भेद झाला, तरी ओळख पटत नाही. नव्याचे घड्याळ चुकीचे असेल, तर वैध प्रमाणपत्रेही अवैध ठरू शकतात. नव्याचा आयपी पत्ता वेगळा असून तो ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरला कळवला नसेल, तर जाळे दिसते, परंतु त्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्यांना प्रवेश मिळत नाही.

नवा कंट्रोलर भिन्न पिढीचा असला, की प्रतिलिपी संपते आणि भाषांतर सुरू होते. सिस्को कंपनीच्या ५५०८ या कंट्रोलरांच्या जागी त्याच कंपनीची ९८०० मालिका येते, तेव्हा असेच घडते. जुन्या प्रणालीत कोणत्या इमारतीत कोणते जाळे दिसावे आणि तेथील रेडिओ कसा चालावा, हे दोन्ही ‘एपी ग्रुप’ या एकाच संज्ञेत सामावत असे. नव्या प्रणालीत पहिल्यासाठी पॉलिसी टॅग आणि दुसऱ्यासाठी आरएफ टॅग आहे. शिवाय स्थळासाठी साइट टॅग निराळा. जुनी मांडणी नव्या भाषेत आणणारे साधन उपलब्ध आहे; परंतु न जुळणाऱ्या ओळी ते बाजूला काढून ठेवते. त्यांचा अर्थ माणसालाच लावावा लागतो. प्रतिशब्द नसलेल्या शब्दापाशी थांबणाऱ्या भाषांतरकारास ही अवस्था अपरिचित नाही.

या संक्रमणकाळात जुने व नवे कंट्रोलर एकत्र नांदावे लागतात. दोघांमधील दुवा निराळ्या रीतीचा असल्याने ५५०८ वर ८.५ या आवृत्तीचा त्यासाठी खास सिद्ध केलेला पाठ घालावा लागतो. जुन्या कंट्रोलरकडून नव्याकडे आलेल्या वाचकाचे मूळ स्थान जुन्याकडेच राहते आणि त्याची वाहतूक तेथूनच होते. म्हणून एका मजल्यावर दोन्हींचे ॲक्सेस पॉइंट मिसळू नयेत. एकेक इमारत पूर्णपणे स्थलांतरित करावी. सॉफ्टवेअरची आवृत्ती भिन्न असल्याने प्रत्येक ॲक्सेस पॉइंट ती नव्याने उतरवून घेतो व पुन्हा सुरू होतो. तोवर तेथील सेवा थांबते.

खरा प्रश्न याहून पुढचा आहे. २६०० व ३६०० मालिकांतील जुने ॲक्सेस पॉइंट ९८०० स्वीकारीत नाही. शेवटचा जुना कंट्रोलर काढला, की ते जेथे आहेत त्या खोल्या मूक होतात. नवी सामग्री आधी कोठे लागावी हा तंत्राचा नव्हे, अग्रक्रमाचा निर्णय आहे. आणि जुन्या इमारतीतील भाषाविभाग किंवा वसतिगृह यादीच्या तळाशी राहणे अशक्य नाही. तेव्हा अभ्यासकाने एक प्रश्न अवश्य विचारावा: जुना कंट्रोलर बंद करण्यापूर्वी त्याच्यावाचून ज्यांना दुसरा आधार नाही, त्यांची यादी कोणी केली आहे काय? मूळ प्रत नष्ट करण्याआधी तिच्यातील कोणता पाठ अन्यत्र उपलब्ध नाही हे पाहणारा संपादक याहून वेगळे काही करीत नसतो.