खेळण्यातील इंजिनाची निगा
अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीची, १९९९ साली निघालेली ‘टी-मॅक्स’ ही दूरनियंत्रित गाडी दिसावयास खेळणे. परंतु तिच्या पोटात खरेखुरे इंजिन असते. मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांचे मिश्रण हे तिचे इंधन. वंगणाची निराळी सोय नाही. इंधनातील तेलावरच इंजिनाचे आयुष्य. म्हणून हौशी चालक वेगाच्या लोभाने इंधन कमी व हवा अधिक देऊ लागला, की गाडी क्षणभर उधळते आणि दट्ट्या मात्र झिजतो. धुळीसाठी स्पंजाची गाळणी तेलात भिजवलेली हवी.

खरी कसोटी खेळ संपल्यावर. मिथेनॉल ओलावा शोषते व बेअरिंगांना गंज चढतो. यास्तव उरलेले इंधन जाळून सिलिंडरमध्ये तेलाचे थेंब सोडावेत आणि दट्ट्या तळाशी आणून ठेवावा. वर निमुळता असलेला सिलिंडर थंड होताना त्याला आवळून धरतो.